ऑन्टारिओच्या शाळेत निर्वासित मुलाचं नाव घालताना: पैसे कुठे लागतात, कुठे लागत नाहीत

ऑन्टारिओच्या सरकारी शाळेत निर्वासित मुलाचं नाव घालायला एक डॉलरही लागत नाही. नावनोंदणीची फी नाही, महिन्याची फी नाही, पाठ्यपुस्तकांचे पैसे नाहीत. तरीही नव्याने आलेल्या कुटुंबाचे पैसे शाळेच्या नावाखाली जातात, आणि बऱ्याचदा नको तिथे जातात. कोणी जुन्या दाखल्यांच्या भाषांतरावर खर्च करतं, कोणी पहिल्याच महिन्यात मुलाला महागडी शिकवणी लावतं, कोणी खासगी संस्थेकडून पैसे भरून हायस्कूलचा विषय उरकून घेतं. आणि ज्या दोन-चार गोष्टींसाठी खिशात हात घालायलाच हवा, तिथे मात्र काटकसर होते.

मिसिसागा, ब्रॅम्प्टन, स्कारबरो या भागातल्या मराठी घरांना अशा कुटुंबांच्या मदतीसाठी हाक येते, त्याला एक साधं कारण आहे. २०२१ नंतर कॅनडाने ४० हजारांहून जास्त अफगाण लोकांना आसरा दिला. तो आकडा ऑक्टोबर २०२३ मध्ये गाठला गेला. त्यांच्यातल्या अनेकांनी मधली वर्षं पाकिस्तानात काढलेली असतात. इंग्रजी येत नसलं तरी उर्दू येते, आणि आपल्या हिंदीशी ती सहज जुळते. शाळेच्या कचेरीत, दवाखान्यात, बँकेत असं कोणी सोबत असलं की त्या आई-वडिलांच्या चेहऱ्यावरचा ताण लगेच उतरतो.

पण भाषा जुळली म्हणून शाळा समजावून सांगता येतेच असं नाही. आपल्या डोक्यात आपली शाळा असते: टक्के, नंबर, नापास, दहावीचं बोर्ड, क्लास. ती चौकट घेऊन इथली शाळा समजावायला गेलं की कुटुंबाला चुकीचा रस्ता दाखवला जातो, तोही मनापासून. म्हणून मदतीला जाणाऱ्यांसाठी हा खर्चाचा आणि व्यवस्थेचा हिशेब. स्वतः नुकत्याच आलेल्या मराठी कुटुंबांनाही यातला बराच भाग लागू पडेल. कॅनडात शिक्षण हा प्रांतांचा विषय आहे, त्यामुळे इथे लिहिलेलं फक्त ऑन्टारिओपुरतं आहे. रकमा कॅनेडियन डॉलरमध्ये आहेत.

आधी कागद बघा

कुटुंब कोणत्या वाटेने आलं आहे, हे पहिल्या भेटीतच समजून घ्यायला हवं. काही कुटुंबांना परदेशातच निवडून आणलेलं असतं, सरकारने किंवा खासगी प्रायोजक गटाने. ती विमानतळावर उतरतात तीच कायम रहिवासी म्हणून. दुसरी कुटुंबं इथे पोचल्यावर आश्रय मागतात. त्यांचा दावा निर्वासित मंडळापुढे असतो आणि निकालाला बराच काळ लागू शकतो. या दुसऱ्यांना इथे ‘क्लेमंट’ म्हणतात.

शाळेच्या दाराशी दोघांत फरक नाही. ऑन्टारिओच्या शिक्षण कायद्याचं कलम ४९.१ सांगतं की मूल किंवा त्याचे पालक कॅनडात बेकायदा राहत असले, तरी तेवढ्या कारणाने अठरा वर्षांखालच्या मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. मग रीतसर दावा केलेल्या कुटुंबाने कचरायचं कारणच नाही. पालकांचा दावा प्रलंबित असलेल्या अल्पवयीन मुलांना शाळेसाठी वेगळा स्टडी परमिटही लागत नाही. परदेशी विद्यार्थ्यांकडून स्कूल बोर्डं वर्षाला हजारो डॉलर फी घेतात. ती या मुलांना लागू नाही. कचेरीत कोणी चुकून त्या फीचा कागद पुढे केला, तर सही करू नका आणि पैसे भरू नका. बोर्डाच्या प्रवेश विभागाचा फोन मागा.

पैशांच्या बाबतीत मात्र फरक मोठा आहे. मुलांसाठीचा केंद्र सरकारचा भत्ता, ‘कॅनडा चाइल्ड बेनिफिट’, कायम रहिवाशांना आणि ज्यांचा दावा मंजूर झाला आहे त्यांना मिळतो. दावा प्रलंबित असेपर्यंत साधारणपणे मिळत नाही. जुलै २०२५ ते जून २०२६ या वर्षासाठी कमी उत्पन्नाच्या घराला सहा वर्षांखालच्या मुलामागे जास्तीत जास्त ७,९९७ आणि ६ ते १७ वयाच्या मुलामागे ६,७४८ डॉलर वर्षाला मिळतात. पाच, नऊ आणि चौदा वर्षांची तीन मुलं असतील, तर वर्षाचे २१,४९३ डॉलर होतात, म्हणजे महिन्याला सुमारे १,७९०. भाडं भरून उरलेल्या पैशांत घर चालवणाऱ्या कुटुंबाला ही रक्कम फार मोठा आधार देते.

यासाठी आरसी६६ आणि सोबत नव्याने आलेल्यांचा आरसी६६एससीएच असे दोन फॉर्म भरायचे असतात. दोन्ही फुकट. दुसऱ्यात कॅनडात येण्यापूर्वीचं उत्पन्न विचारतात, तिथे कुटुंबं अडखळतात. उत्पन्न शून्य असेल तर शून्य लिहायचं, रकाना रिकामा सोडायचा नाही. फॉर्म भरून देण्याचे पैसे घेणारे लोक वस्तीत भेटतात, त्यांच्या वाटेला जाऊ नये. आणि पुढे दरवर्षी नवरा-बायको दोघांनीही टॅक्स रिटर्न भरायचं, कमाई असो वा नसो. ते राहिलं की जुलैत भत्ता थांबतो.

नाव घालण्याचा दिवस

ऑन्टारिओत सरकारी पैशांवर चालणाऱ्या चार प्रकारच्या शाळा आहेत: इंग्रजी सार्वजनिक, इंग्रजी कॅथलिक, फ्रेंच सार्वजनिक आणि फ्रेंच कॅथलिक. बहुतेकांसाठी घराच्या पत्त्यावरून ठरणारी इंग्रजी सार्वजनिक शाळा हीच सरळ वाट. कॅथलिक प्राथमिक शाळेत साधारणपणे बाप्तिस्म्याचा दाखला मागतात. कॅथलिक हायस्कूलं मात्र इतरांनाही घेतात. घराजवळ तेच हायस्कूल असेल तर खर्चाची एक बाब आधी विचारून घ्या. तिथे बहुधा गणवेश असतो आणि तो ठरावीक दुकानातूनच घ्यावा लागतो. शर्ट, पॅन्ट, स्वेटर धरून बिल सहज दोनशे डॉलरच्या घरात जातं. शाळेत वापरलेल्या गणवेशांचा साठा आहे का, हे विचारायला लाजू नका.

सोबत चार गोष्टी न्यायच्या: मुलाच्या वयाचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, इमिग्रेशनचा कागद आणि लसीकरणाची नोंद. जन्मदाखला नसेल तर इमिग्रेशनच्या कागदावरची जन्मतारीख चालते. भाड्याचा करार नसेल आणि कुटुंब निवाऱ्यात किंवा नातेवाइकांकडे राहत असेल, तर तिथून पत्र घेता येतं. जुन्या शाळेचे दाखले दरी किंवा पश्तोत असतील तर प्राथमिक शाळेसाठी त्यांचं भाषांतर करून घेण्याची घाई करू नका. प्रमाणित भाषांतरकार पानामागे पैसे घेतो आणि लहान वर्गांत त्या कागदावर फारसं काही अवलंबून नसतं. हायस्कूलच्या मुलाचे दाखले मात्र जपून ठेवा, त्यांचा उपयोग पुढे येतो.

लसीकरणाकडे नीट लक्ष द्या. ऑन्टारिओच्या कायद्यानुसार शाळेतल्या मुलांना घटसर्प, धनुर्वात, पोलिओ, गोवर, गालगुंड, रुबेला, मेनिंगोकॉकल आणि डांग्या खोकल्याच्या लसी लागतात. २०१० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना कांजिण्यांचीही. लसी फुकट आहेत. नोंदवही हरवली असेल तर पुन्हा लसी देतात. गोंधळ पुढे होतो. डॉक्टरने लस दिली की ती नोंद आपोआप आरोग्य खात्याकडे जाईल असं पालक धरून चालतात. ती पालकांनीच स्थानिक पब्लिक हेल्थला कळवायची असते. कळवली नाही तर काही महिन्यांनी घरी पत्र येतं की मुलाला शाळेतून काही दिवस निलंबित केलं जाऊ शकतं. इंग्रजी न कळणाऱ्या घरात ‘निलंबन’ एवढाच शब्द पोचतो आणि मुलाने काहीतरी गुन्हा केला अशी समजूत होते. म्हणून लस घेतल्याच्या दिवशीच नोंद कळवून टाकावी.

इयत्ता कशी ठरते, हे समजावून सांगण्यात सर्वांत जास्त वेळ जातो. इथे मुलाला वयाने वर्गात बसवतात, अभ्यासाने नाही. हिशेब सोपा आहे: ज्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये वर्ग सुरू होतो त्या वर्षातून जन्मवर्ष वजा करा आणि आलेल्या आकड्यातून पाच काढा. २०१६ साली जन्मलेलं मूल सप्टेंबर २०२६ मध्ये पाचवीत बसेल, मग त्याला इंग्रजीचं एक अक्षर येत नसलं तरी. चार वर्षांच्या मुलांना ज्युनिअर किंडरगार्टन आणि पाच वर्षांच्यांना सीनिअर किंडरगार्टन पूर्ण दिवस आणि फुकट असतं. शिक्षणाची सक्ती सहाव्या वर्षापासून आहे, म्हणून काही आया लहानग्यांना घरीच ठेवतात. त्यांना आवर्जून सांगा की ही दोन वर्षं भाषेसाठी फार मोलाची आहेत.

वयाच्या याच नियमामुळे जन्मतारखेची चूक महागात पडते. अफगाणिस्तानात वेगळी दिनदर्शिका वापरतात, पुष्कळांकडे नेमकी तारीख नसते, आणि कागदावर १ जानेवारी लिहिली जाते. वर्ष एकाने चुकलं तरी मूल एक इयत्ता वर किंवा खाली बसतं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हा फरक मोठा असतो. आई-वडिलांना खरं वर्ष माहीत असेल आणि पुरावा असेल, तर इमिग्रेशन खात्याकडे दुरुस्तीचा अर्ज लगेच करावा. त्याला वेळ लागतो.

कचेरीतल्या संभाषणात मुलाला दुभाषा करू नका. बोर्ड दुभाषा देतं आणि त्याचे पैसे लागत नाहीत. शाळांमध्ये ‘स्विस’ नावाने ओळखले जाणारे सेटलमेंट वर्कर असतात. ही केंद्र सरकारच्या पैशांवर चालणारी सेवा १९९९ पासून ऑन्टारिओत आहे. पील बोर्डाची ‘वी वेलकम द वर्ल्ड’ केंद्रं आणि टोरांटो बोर्डाची नवागतांची स्वागत केंद्रं मुलाची भाषा आणि गणिताची चाचणी घेतात आणि कुटुंबाला व्यवस्था समजावून सांगतात. तुमच्या मदतीची जागा यांच्या शेजारी आहे. पत्राचा अर्थ सांगायला, भेटीची वेळ लक्षात आणून द्यायला, आणि आईने मनातली भीती बोलून दाखवली तर ती ऐकून घ्यायला.

पैसे खरंच लागतात ते इथे

पहिला खर्च थंडीच्या कपड्यांचा. इथली मुलं मधल्या सुट्टीत रोज बाहेर मैदानावर जातात, बर्फ असला तरी जातात. जाड जॅकेट, स्नो पॅन्ट, पाणी आत न घेणारे बूट, टोपी आणि हातमोजे असा संच नवा घेतला तर एका मुलामागे दीडशे डॉलर सहज लागतात. वापरलेल्या कपड्यांच्या दुकानांत तोच संच एक तृतीयांशात होतो. फक्त बूट शक्यतो नवे घ्या आणि एक माप मोठे घ्या. हातमोज्यांच्या दोन जोड्या हव्यात, कारण एक नेहमी ओली असते. हा खर्च ऑक्टोबरमध्येच करावा. ज्याच्याकडे स्नो पॅन्ट नाही ते मूल मैदानाच्या कडेला कुडकुडत उभं राहतं, आणि मैत्री नेमकी मैदानात होते. शिवाय वर्गात घालायला वेगळे स्वच्छ बूट लागतात.

दुसरा खर्च डब्याचा. शाळेत सगळ्यांना मिळणारं शिजवलेलं जेवण नसतं. काही शाळांत सकाळचा खाऊ फुकट मिळतो, तो घ्यायला संकोच करू नये. चांगला थर्मास वीस-पंचवीस डॉलरला येतो आणि तो घेण्यासारखा आहे, कारण वर्गात डबा गरम करून देत नाहीत. बहुतेक प्राथमिक शाळांत शेंगदाणे आणि सुकामेवा आणायला मनाई असते. तीव्र ॲलर्जी असलेल्या मुलांच्या रक्षणासाठी ऑन्टारिओने २००५ मध्ये ‘सॅब्रिनाज लॉ’ हा कायदा केला. काबुली पुलावातले बदाम आणि आपल्या भाजीतलं शेंगदाण्याचं कूट, दोन्ही घरीच ठेवायचं. हे पहिल्याच दिवशी सांगा.

त्यानंतर लहान-लहान रकमा सुरू होतात, बऱ्याचदा शाळेचे पैसे भरायच्या ‘स्कूल कॅश ऑनलाइन’ या संकेतस्थळावरून: पिझ्झाच्या दिवसाचे काही डॉलर, सहलीचे दहा-पंधरा, वर्गाच्या फोटोचे, इयरबुकचे. हायस्कूलमध्ये वर्षारंभी ‘स्टुडंट ॲक्टिव्हिटी फी’ मागतात, बहुधा तीस ते साठ डॉलर. प्रांताचा नियम असा की अभ्यासक्रमासाठी आवश्यक असलेल्या कशाचेही पैसे शाळा घेऊ शकत नाही, आणि ऐपत नाही म्हणून कोणाला वगळू शकत नाही. सहलीच्या फॉर्मवर तळाशी बारीक अक्षरात एक ओळ बहुधा असतेच: खर्च अडचणीचा असेल तर मुख्याध्यापकांशी बोला. ती ओळ बोट ठेवून वाचून दाखवा. मानी कुटुंबं सहलीच्या दिवशी मूल आजारी असल्याचं कळवून घरी ठेवतात. त्यांना हे पटवून द्यावं लागतं की ही भीक नाही, नियम आहे, आणि शाळेच्या सचिवबाईंना यात काहीच नवल वाटत नाही.

फोटो आणि इयरबुक नाही घेतलं तरी चालतं. लॅपटॉप लगेच घेऊ नका, बोर्ड बहुधा क्रोमबुक वापरायला देतं. घरी इंटरनेट हवं. ‘कनेक्टिंग फॅमिलीज’ या केंद्राच्या योजनेत महिन्याला २० डॉलरमध्ये चांगल्या वेगाचं इंटरनेट मिळतं, पण ते मुलांचा भत्ता पूर्ण दराने मिळणाऱ्या घरांनाच, आणि त्यांना पत्राने एक कोड येतो. ते पत्र जाहिरात समजून फेकून दिलं जातं, म्हणून टपाल एकदा सोबत बसून बघा. पिवळी स्कूल बस अंतरावर ठरते आणि फुकट असते. टोरांटोत टीटीसीच्या बस आणि सबवेत बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट नाही. हायस्कूलच्या मुलाला बसने जावं लागत असेल तर प्रेस्टो कार्डवर तरुणांचा सवलतीचा दर लावून घ्या. तो आपोआप लागत नाही.

शिकवणी कधी, आणि नकोच कधी

रिपोर्ट कार्ड हातात आलं की पालक आकडे शोधतात. ७० ते ७९ टक्के किंवा ‘बी’ म्हणजे लेव्हल ३, आणि प्रांताची अपेक्षा तीच. आपल्याकडे ७४ टक्क्यांना घरात शांतता पसरते; इथे शिक्षक त्याच आकड्यावर समाधानी असतात. पहिल्या वर्षी तर इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या कार्डावर भाषेच्या पायरीप्रमाणे अपेक्षा बदलल्याची खूण असते, आणि ती नापासाची खूण नाही. तिसरी आणि सहावीतल्या प्रांताच्या ईक्यूएओ चाचण्यांचा कार्डावरच्या गुणांशी संबंध नसतो. त्यासाठी क्लास लावणाऱ्यांना सरळ थांबवा.

इंग्रजीची मदत शाळेत दोन प्रकारची असते आणि त्यातला फरक पालकांना कोणी सहसा सांगत नाही. ज्या मुलाने आपल्या देशात नीट शाळा केली आहे पण इंग्रजी येत नाही, त्याच्यासाठी ईएसएल. ज्याची शाळाच वर्षानुवर्षं सुटली, ज्याला मातृभाषेतही वाचता-लिहिताना अडचण येते, त्याच्यासाठी ईएलडी. अफगाणिस्तानात तालिबानने सहावीनंतर मुलींच्या शाळा बंद केल्या. तिथून आलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला कित्येकदा ईएलडीचीच गरज असते. वडील मात्र कमीपणा वाटून ‘ती हुशार आहे, शाळेत जात होती’ असं सांगतात, आणि मुलगी अशा वर्गात जाऊन बसते जिथे तिला काहीच कळत नाही. चाचणीच्या वेळी शाळा नेमकी किती वर्षं आणि कधी सुटली, हे खरंखरं सांगायला लावा. टोरांटो बोर्डात अशा मुलांसाठी ‘लीप’ नावाचे लहान वर्ग आहेत. एवढी लक्षपूर्वक शिकवणी बाहेर विकत घ्यायची म्हटली तर महिन्याला शेकडो डॉलर मोजावे लागतील.

बाहेरच्या साखळी क्लासना पहिल्या वर्षात पैसे देऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. वाचनालयाचं कार्ड फुकट आहे, शाळेनंतरचे होमवर्क क्लब फुकट आहेत, आणि टोरांटोच्या रीजंट पार्कमध्ये २००१ साली सुरू झालेला ‘पाथवेज टू एज्युकेशन’ हा कार्यक्रम ठरावीक वस्त्यांतल्या हायस्कूलच्या मुलांना शिकवणी आणि मार्गदर्शन देतो. तुम्ही स्वतः आठवड्यातून एक तास मुलासोबत बसून मोठ्याने वाचलंत, तर त्याचाही उपयोग होतो.

मूल शिकण्यात मागे पडतंय आणि कारण फक्त भाषा नाही अशी शंका आली, तर पालक मुख्याध्यापकांना लेखी विनंती करू शकतात की मुलाची बाब शाळेतल्या खास गरजा ठरवणाऱ्या आयपीआरसी समितीपुढे ठेवा. विनंती मिळाल्यापासून १५ दिवसांत मुख्याध्यापकांना उत्तर द्यावं लागतं. पत्र चार ओळींचं पुरतं, फक्त त्यावर तारीख घाला आणि प्रत ठेवा.

हायस्कूल: चुकीची किंमत इथे वर्षांत मोजतात

नववीपासून सगळा खेळ क्रेडिटचा, म्हणजे विषय पूर्ण करून जमवलेल्या गुणांकांचा, आहे. डिप्लोमासाठी ३० क्रेडिट, ४० तास समाजसेवा आणि दहावीतली साक्षरता चाचणी लागते. इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलाची चाचणी पुढे ढकलता येते, हे विचारून घ्या. उशिरा आलेल्या मुलाला मागच्या शाळेबद्दल किती क्रेडिट द्यायचे, हे मुख्याध्यापक ठरवतात. जपून ठेवलेले जुने दाखले कामाला येतात ते इथे, आणि भाषांतराचा खर्च योग्य ठरतो तोही इथेच. इंग्रजीच्या चार सक्तीच्या क्रेडिटपैकी तीन ईएसएल किंवा ईएलडीतून भरून निघू शकतात. चौथं बारावीच्या इंग्रजीचं असावं लागतं.

पुढच्या वर्षाचे विषय हिवाळ्यातच निवडून घेतात. मुलाच्या हातात एक तक्ता येतो आणि त्यात विषयांचे संकेत असतात. ते वाचायला शिकलात तर तुम्ही त्या कुटुंबाचं फार मोठं काम केलंत. पहिली तीन अक्षरं विषयाची, आकडा इयत्तेचा (१ म्हणजे नववी, ४ म्हणजे बारावी) आणि शेवटचं अक्षर पुढच्या वाटेचं. एमटीएच१डब्ल्यू हे नववीचं गणित सगळ्यांना सारखं. दहावीत वाट फुटते: एमपीएम२डी किंवा एमएफएम२पी. दुसरं सोपं वाटतं म्हणून तेच निवडलं जातं, कधी मुलाकडून, कधी सल्लागाराकडून. पण अकरावीचं विद्यापीठाच्या वाटेचं गणित, एमसीआर३यू, घ्यायला आधी एमपीएम२डी झालेलं असावं लागतं. बारावीच्या इंग्रजीतही ईएनजी४यू विद्यापीठाकडे नेतं, ईएनजी४सी कॉलेजकडे, आणि ईएनजी४ई थेट नोकरीकडे.

समजा मुलीला नर्स व्हायचं आहे. नर्सिंगच्या पदवीला साधारणपणे बारावीचे यू पातळीचे इंग्रजी, गणित आणि विज्ञान लागतात. दहावीत तिच्या तक्त्यात ‘पी’ पडलं आणि पुढे ‘सी’, ‘ई’ पडत गेले, तर डिप्लोमा हातात असूनही ती अर्ज करू शकत नाही आणि परत मागे येऊन विषय करावे लागतात. म्हणून तक्ता जमा करण्यापूर्वी गाइडन्स कौन्सेलरची वेळ घ्या. पालक आणि दुभाषा दोघे असावेत, आणि प्रश्न एकच विचारा: या विषयांनी कोणती दारं बंद होतात? कॉलेजची वाट कमी दर्जाची आहे असं अजिबात नाही. तिथून सुतारकाम, इलेक्ट्रिशियन, दंतसहायक अशी पक्की कामं मिळतात. पण ती वाट निवडलेली असावी, नकळत पायाखाली आलेली नसावी.

याच टप्प्यावर खासगी शाळा जाहिराती करतात: पाचशे-सहाशे डॉलरमध्ये एक क्रेडिट, काही आठवड्यांत, गुण चांगले. काही विद्यापीठं अशा गुणांकडे संशयाने बघतात आणि मुलाची भाषा तिथे सुधारत नाही. सरकारी बोर्डांची समर स्कूल आणि रात्रशाळा फुकट असताना हा खर्च करू नये. घाईही नको. हायस्कूलला एक वर्ष जास्त लागलं तर लागू द्या. बरीच मुलं पाच वर्षं घेतात, आणि साधारणपणे एकवीसपर्यंत नेहमीच्या हायस्कूलमध्ये राहता येतं. त्यानंतर प्रौढांचं हायस्कूल आहे. समाजसेवेचे ४० तास पैसे न घेता करायचे असतात. उशिरा आलेल्यांसाठी ते किती करायचे हे मुख्याध्यापक ठरवतात. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात खुर्च्या मांडायला, नोंदणीच्या टेबलावर बसायला या मुलांना बोलवा. शाळेची पूर्वपरवानगी घेतली की ते तास धरले जातात.

बारावीनंतर

प्रांताची विद्यार्थी मदत, ओसॅप, कायम रहिवाशांना आणि दावा मंजूर झालेल्यांना मिळते, आणि फीही कॅनेडियन विद्यार्थ्याइतकीच लागते. त्यात अनुदान किती आणि कर्ज किती, हे दरवर्षीच्या नियमांवर ठरतं, म्हणून सही करण्यापूर्वी दोन्ही आकडे वेगळे लिहून कुटुंबाला दाखवा. परदेशातून आणलेल्या अनेक कुटुंबांच्या डोक्यावर आधीच विमानभाड्याचं आणि तपासण्यांचं सरकारी कर्ज असतं. २०१८ पासून त्यावर व्याज नाही आणि फेड आल्यानंतर वर्षभराने सुरू होते, पण ते कर्जच आहे. मुलाच्या कॉलेजचं वर्ष आणि हे हप्ते एकत्र आले तर हप्ता कमी करून मागता येतो. त्यासाठी पत्र हप्ता चुकण्यापूर्वी जायला हवं.

क्लेमंट मुलांची अवस्था जास्त बिकट. हायस्कूल फुकट झालेलं असतं, मित्र अर्ज भरत असतात, आणि याला ओसॅप नाही. वर काही ठिकाणी परदेशी विद्यार्थ्याची फी सांगतात, जी कित्येक पट असते. कॉलेजसाठी स्टडी परमिट लागतो. आश्रयाचा दावा केलेल्यांना त्याची सरकारी फी पडत नाही, तेव्हा एजंटाला पैसे देऊ नका. यॉर्क विद्यापीठात ‘सँक्च्युअरी स्कॉलर्स’ नावाचा कार्यक्रम आहे. कागदपत्रांची स्थिती अनिश्चित असलेल्या विद्यार्थ्यांना तिथे देशांतर्गत फीत शिकता येतं, पण जागा थोड्या असतात. अकरावीच्या हिवाळ्यातच तिथे चौकशी करा, आणि दाव्याच्या सुनावणीची तारीख कधी आहे हे वकिलाकडून लिहून घ्या. सुनावणी अर्जाच्या मुदतीआधी झाली आणि दावा मंजूर झाला, तर फी आणि मदत दोन्हींचा हिशेब बदलतो, आणि कॉलेजला ते पत्र त्याच आठवड्यात द्यायला हवं.